क्रेनखालचा माणूस

क्रेनखाली ओझी बांधणारा तात्या गेटच्या रांगेत उभा होता. पुढे कॉम्प्युटरच्या पडद्यावर क्रेन चालवायला शिकवणारा प्रोग्राम लिहिणारे दोघं कुजबुजायला लागले, तसे त्यानं कान टवकारले.

“पडद्यावर ओझ्याचा झोका इतक्या लवकर कसा थांबतो रे?”

“मीच दाबलाय. मोकळा सोडला की आकडेमोड उधळते, ओझं भिंतीतून आरपार जातं.”

“आणि खऱ्या क्रेनवर?”

“झुलेल थोडं जास्त. शिकणारे पास होतायत ना?”

“खाली माणूस असला म्हणजे?”

“पडद्यावर माणूस काढलेलाच नाही, बाबा!”

तात्यानं घसा खाकरला. “साहेब, आजचा नवा ड्रायव्हर तुमच्याच पडद्यावर शिकलाय का हो?”

“हो, पहिला आलाय! का हो काका?”

“काही नाही. तो पहिलं ओझं उचलेल, तेव्हा माझ्याशेजारी उभे राहा दोघं.”

रांग पुढे सरकली. ते दोघं काही सरकेनात.