हंस बघत चालणाऱ्या बाई

सन्माननीय अध्यक्ष पेलसाहेब, व्यासपीठावरील न्यायाधीश महोदय आणि वकील मंडळी, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या रोवेना ब्रेथवेटबाई, आणि सभागृहात जमलेल्या समस्त वेदरबेककर बंधुभगिनींनो,

एवढ्या कायदेपंडितांत एका चहावाल्याला कशाला उभं केलं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटतंय! मी एडविन गार्साइड. नदीकाठी बागेत टेबलं मांडून मी लोकांना चहा देतो. बाईंनी माझी एकच केस घेतली आणि तीत मी हरलो. तरी आभार मानायला मी का आलो? तेच सांगतो.

बावीस वर्षं झाली. सप्टेंबर होता. त्या दिवसांत दुपारी नदीवर असं पिवळसर धुकं उतरतं की पलीकडचा काठ पाण्यात विरघळून गेल्यासारखा वाटतो. मग त्यातून हंस येतात. आधी नुसता पांढरेपणा, मग हळूच मान. अशाच एका दुपारी पियानो शिकवणाऱ्या सिसिली होलरॉइडबाई माझ्या लाकडी धक्क्यावर गेल्या आणि एक फळी मोडली. उजवं मनगट असं पिचलं, की मैफलीत वाजवणं कायमचं संपलं.

दाव्याची नोटीस आली तसा मी तणतणत ब्रेथवेटबाईंकडे गेलो. "मी काय ढकललं का त्यांना?"

"नाही ना? चला, जागा दाखवा."

आम्ही धक्क्यावर जाऊन बसलो. बाईंनी बूट काढून पाय पाण्यात सोडले (न्यायाधीशांनी हे ऐकलं नाही असं समजावं) आणि पाण्याकडे बघतच, झोपेत बोलावं तशा विचारू लागल्या.

"इथे कोण येतं हो?"

"माझी गिऱ्हाइकं. दुसरं कोण?"

"म्हणजे त्यांची काळजी तुमच्या गळ्यात. फळी कुजल्याचं ठाऊक होतं?"

मी म्हणालो, "ईस्टरपासून. पाच-सहा महिने. पाय ठेवला की दबायची. उद्या बदलू, उद्या बदलू…"

"जबाबदार माणसानं काय केलं असतं?"

"बदलली असती. निदान आडवी दोरी तरी बांधली असती."

"फळी धड असती तर त्या पडल्या असत्या?"

"नाही."

"आणि कुणाचा तरी हातपाय मोडेल, हे कळायला ज्योतिषी लागतो?"

"नाही हो, बाई."

"झालं तर! निष्काळजीपणाचा कायदा एवढाच आहे, गार्साइड. त्याला ढकलावं लागत नाही."

माझ्या विमा कंपनीचा माणूस मात्र म्हणाला, "हार कशाला मानता? त्या हंस बघत चालत होत्या, पायाखाली नव्हे. थोडी चूक त्यांचीही." मला हायसं वाटलं. बाई म्हणाल्या, "असा मुद्दा मांडता येतो. मीही मांडीन. पण आधी तुमच्या फाटकावरची पाटी वाचून या." ती पाटी मीच रंगवली होती: 'धक्क्यावर या, हंस बघा.'

मी तो मुद्दा सोडला आणि सगळी चूक कबूल केली. भरपाई दिली गेली. नंतर एकदा, कोणी न सांगता, मी होलरॉइडबाईंच्या दाराशी गेलो. वाटेत घोकलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "फळी कुजलीय हे मला माहीत होतं. चूक माझीच."

आत बंद पियानोवर ऊन पडलं होतं. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं सगळं गाव मला सांगतंय, 'अगं, खाली बघून चालावं ना सिसिली!' शेवटी मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं. बसा. चहा टाकते."

हात काही बरा झाला नाही. कायद्याच्या हातात तेवढं नसतं, हे ब्रेथवेटबाईंनी आधीच सांगितलं होतं.

रोवेनाबाई, दुसऱ्या एखाद्या हुशार वकिलानं मला त्यातून सोडवलं असतं. तुम्ही सोडवलं नाहीत. त्याबद्दल मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचे आभार. कायद्याचं काही वेडंवाकडं बोललो असेन तर चहावाल्याची जीभ म्हणून सांभाळून घ्या.