समुद्रस्नानाची परवानगी

—राजांपुढे ताठ चालायचं नाही, उकिडवं बसून पुढे सरकायचं, मान वर करायची नाही, आणि का ते कधी विचारायचं नाही—ठाऊक आहे मला, न्याईबाई, नऊ वर्षांची असताना बाबांनीच राजवाड्याच्या अंगणात शिकवलंय, गुडघे सोलवटले होते. राजवाड्यातून निरोप घेऊन आलात, घ्या, चहा घ्या. ते तबक झाकलेलंच राहू द्या, आतलं मागणीचं बाटिक-वस्त्र मला बघायचं नाही. राजांनी मला मागितलंय—कितवी बायको हो मी? सतरावी की अठरावी? आपलं विचारते. बाबांच्या दरबारी छत्रीला सोनेरी पट्टा वाढेल, मानाने एक पायरी वर, काका आत्ताच कुजबुजले. शिकलेल्या पोरीला ऐकू येत नाही असं वाटतं त्यांना.

आणि राज्य कसलं हो? मागच्या महिन्यात पाहिलं ना मी तुमच्या राजांना, डच सरकारच्या रेसिडेंट साहेबाच्या व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीवर, हातात अर्ज—समुद्रावर आंघोळीला जायचंय, चार दिवस सोडा. शिपाई म्हणाला, साहेब जेवतायत, थांबा. थांबले की. स्वतःच्या मुलखात, स्वतःच्या आंघोळीला परवानगी. आणि दोघांच्या फोटोत बघा, साहेबाच्या हातात हात, राजांच्या छातीवर बशीएवढी पदकं.

काय? मी तिथे काय करत होते? करत होते काहीतरी—मास्तरणीच्या जागेसाठी गेले होते. हो बाबा, त्याच साहेबाकडे, तुम्हाला न सांगता. माझ्याही हातात अर्जच होता. आणि राजे आले तेव्हा—हसा काका, हसून घ्या—मी आपोआप खाली बसले, फरशीवर, मान खाली घालून. कॉलेज शिकलेली मी, कुणी न सांगता, तासभर. पाय बधिर झाले. साहेब राजांना नाही म्हणाला तेही खालूनच ऐकलं. आणि राजे काय म्हणाले माहितीये? आपली मर्जी. न्याईबाई, बाबा तुम्हाला म्हणतात ना, अगदी तसंच, त्याच सुरात. उठता उठता त्यांना मी दिसले. तेव्हाच विचारलं असेल, कुणाची मुलगी म्हणून. साहेबापुढे चाललं नाही, तर ही खाली बसलेली तरी आपली.

तेव्हा नाही, न्याईबाई. मी येणार नाही. आजारी आहे म्हणून नाही, मुहूर्त नाही म्हणूनही नाही. येणार नाही, असंच सांगा.

बाबा, तुम्हाला काही बोलायचंय? काका?

मग तबक उचला बाई, तुमचा गाडीवाला उन्हात ताटकळलाय.