तेच तीन सूर

कुमुद : अडुसष्ट नव्हे, आभा. सदुसष्ट साल. मे महिन्यात माझा कृष्णादादा पनवेलच्या स्टँडवरून जो गेला, तो गेलाच.

आभा : ओके आजी, सदुसष्ट. आता ऐक. हे ओरिजिनल गाणं, अमेरिकेतलं.

कुमुद : हेच ते. शिरढोणचे मामा बोटीवर कामाला होते, त्यांनी तबकडी आणली होती. दादा ऐकून ऐकून गिटारवर बसवायचा.

आभा : हे इंग्लंडच्या पोरांचं कव्हर. जरा फास्ट. आणि हा कलकत्त्याचा हॉटेलातला बँड, त्या पोरांवरून उचललेलं.

कुमुद : एकाचं उष्टं दुसऱ्याने खायचं. याला कॉलेजात प्रोजेक्ट म्हणतात होय?

आभा : कोणी कोणाचं खाल्लं, तेच तर शोधायचंय. आता हे. वास्कोची कॅसेट, ऐंशी सालची.

कुमुद : थांब. मागे घे.

आभा : हे तीन सूर ना? दोनदा येतात. बाकी कुठल्याच कव्हरमध्ये नाहीत.

कुमुद : आमच्या तबकडीत यायचे. तिथे ओरखडा होता, सुई मागे उडायची. दादाने गाणं तसंच बसवलं. कोण वाजवतंय हे?

आभा : रागावू नकोस, मी आधीच फोन केला होता. धनेश म्हणून आहेत. त्यांना शिकवणारे सर पनवेलचे होते. कृष्णकांत.

कुमुद : होते?

आभा : त्र्याण्णवला गेले, आजी. वास्कोतच. लग्न नाही केलं. धनेशकाका आता मुलांना शिकवतात, अजून तसंच.

कुमुद : त्या ओरखड्यावरून बाबांनी त्याला पट्ट्याने मारलं. तो गप्प राहिला, दुसऱ्या दिवशी गेला. ओरखडा माझ्या हातून पडला होता, आभा. चोरून लावायला गेले होते मी.

आभा : त्यांना ठाऊक होतं. काका एकदा म्हणाले, सर, इथे चूक आहे. तर सर म्हणाले, धाकट्या बहिणीची आहे, राहू दे.

(कुमुद चष्मा काढून पदराने पुसत राहते.)

कुमुद : बाबांच्या दहाव्याला, गाढी नदीच्या काठी, पिंडाला कावळा शिवेना. गुरुजींनी मला पुढे बोलावलं. काय राहिलंय ते बोला, म्हणाले. मी म्हटलं, दादाला शोधून आणेन.

आभा : आणि ओरखड्याचं?

कुमुद : ते नाही बोलले.

आभा : मग शिवला?

कुमुद : नाही गं. शेवटी दर्भाचा कावळा केला.