टाकीतले खडे

(चिखली. मागच्या ओट्यावर म्हातारे रंगराव माशांच्या टाकीतले रंगीत खडे घमेल्यात धुताहेत. धुणीभांडी करणारी धम्मशीला आत्ताच आली आहे.)

धम्मशीला : राहू द्या न आबा, कितीक धुता? चौथं पाणी असन हे.

रंगराव : सहावं. अजून फेस येऊन राह्यला, पाह्य.

धम्मशीला : साबणाची पावडर लई टाकली व्हती काय?

रंगराव : तुले कोणं सांगतलं?

धम्मशीला : रविवारी गच्चीवर सूप पडेल व्हतं. त्यात दोन निळे खडे, अन् बाजूले पावडरची रिकामी पुडी. म्याच उचलली.

रंगराव : म्हणजे चार दिवसांपासून तुले ठाऊक हाय!

धम्मशीला : हाव.

रंगराव : अन् सूनबाई तुले टाकून बोलली, तवा माहं नाव काऊन नाही सांगतलं? आठच्या आठ मासे मेले, अन् माह्या नातीसमोर, प्राचीसमोर तुले उभं करून माफी मागाले लावली. मी तिथंच दिवाणावर बसेल व्हतो.

धम्मशीला : दिसले मले. पेपर वाचत व्हते तुमी. पान काही पलटलं नाही.

रंगराव : बोल, अजून बोल. माह्यासारखा निलाजरा नाही सापडायचा.

धम्मशीला : तसं नाही हो आबा. पण खडे सुपात काऊन घेतले?

रंगराव : जन्मभर तुरीतले खडे पाखडले, इथं खड्यातली घाण पाखडली! शेवाळ बसेल व्हतं. सारे लग्नाले गेलते, म्हटलं घासून, उन्हात वाळवून चकचकीत करावं. म्हातारी गेल्यापासून पोराच्या घरी बसून खातो. एक काम तरी हातचं दिसावं.

धम्मशीला : प्राचीताई त टाकीतल्याच पाण्यात खळबळते ते. साबणाचं बोट बी लावू देत नाही.

रंगराव : तिले विचाराची लाज वाटली, आता सांगाची वाटते. पण तू काऊन गप राह्यली?

धम्मशीला : मले कामाले चार घरं हायेत आबा. एकानं नाही म्हटलं त दुसरं हाय. तुमाले हे एकच हाय.

रंगराव : पोरी...

धम्मशीला : डोळे पुसा. गाडी वाजली, मॅडम आल्या.

सुलभा : धम्मशीला! टाकीच्या सामानाला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं ना तुला? आणि आबांना कशाला कामाला लावलंस?

धम्मशीला : नाही मॅडम, मी त...

रंगराव : तिले काही म्हणू नको सूनबाई. खडे म्या धुतले. आज बी, रविवारी बी. तवा साबणानं. मासे माह्या हातानं मेले.

सुलभा : काय सांगताय आबा! अहो, ही नाही-नाही म्हणत होती, तरी मी हिला... त्या दिवशी घरात हीच तर आली होती, म्हणून मला वाटलं...

धम्मशीला : जाऊ द्या मॅडम.

सुलभा : कसं जाऊ देऊ गं? आता कुठल्या तोंडानं बोलू तुझ्याशी?

रंगराव : तोंड त मले नाही राह्यलं. प्राची कवा येते?

सुलभा : क्लास सुटला की, पाचला. मी सांगते तिला समजावून. तुम्ही नका मनाला लावून घेऊ.

रंगराव : म्याच सांगतो. हिची बी माफी मागतो, तिची बी.

सुलभा : बरं. पण ती आली की दिवाणावर बसून, शांतपणे सांगा.

रंगराव : बसून नाही. धम्मशीला उभी व्हती.