मीटर लावल्याबिगर न्हाय

अक्का, पेठेतली मंडळी आणि गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीनं आलेले अण्णांचे पैपावणे, सगळ्यांना माझा नमस्कार. तालमीच्या या हॉलमध्ये आजवर मी माईक जोडायला आलो. माईकसमोर कधी उभा राहिलो नाही. बोलणं जमेल असं वाटत नाही. पण आज नाही बोललो, तर पुन्हा कुणापुढं बोलणार?

मल्लाप्पाअण्णा आणि मी एकोणीस वर्षं एका दुकानात बसलो. मी टीव्ही आणि टेप बघायचो. अण्णा व्हॉल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेले, जुने रेडिओ. ते काम येणारं दुसरं कुणी मला तरी माहीत नाही.

अण्णांचा एक नियम होता. रेझिस्टन्स बदलायचा तर आधी मोठ्या आकड्यांचा मीटर लावून मोजायचा. रेझिस्टन्स म्हणजे करंट अडवणारा, अर्ध्या काडीएवढा जिन्नस. त्याच्यावर रंगाचे पट्टे असतात, त्यावरून आकडा कळतो. नवाकोरा पाकिटातला असला, तरी अण्णा मीटर लावणारच. मी म्हणायचो, "अण्णा, पट्टे दिसत्यात की! कशाला येळ घालवताय?" ते म्हणायचे, "सदा, गरमीनं तांबडा पट्टाबी तपकिरी हुतोय. रंगावर जाऊ नगंस. मीटर लावल्याबिगर न्हाय." मग जुन्यापेक्षा जरा दांडगा निवडायचे, वारं लागावं म्हणून पत्र्यापासून उचलून बसवायचे. मोजून झालेले सगळे डब्यांत. आणि डब्यांवर बोटाएवढे मोठे आकडे. काय शिस्त आहे माणसाला, असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचो.

मंडळी, ती नुसती शिस्त नव्हती. हे मला अण्णांची माती झाल्यावर त्यांच्या पत्नीनं, अक्कांनी सांगितलं.

गेल्या श्रावणात गारगोटीचे एक गुरुजी रेडिओ घेऊन आले होते. सासऱ्यांनी लग्नात दिलेला रेडिओ. गुरुजींची ती दुसरी खेप. मी त्या दिवशी कबनूरला एका यंत्रमागवाल्याचा टीव्ही बघायला गेलो होतो. आणि जाताना मीटर घेऊन गेलो होतो. माझा बिघडला होता, म्हणून अण्णांचा उचलला. विचारलंसुद्धा नाही.

अण्णांना दोनशेवीसचा रेझिस्टन्स हवा होता. डबा रिकामा. बाजारातून आणलेलं दोनशेवीसचं पाकीट होतं, पण न मोजलेलं; त्यात दुसऱ्या आकड्याचाही एखादा मिसळलेला असतो. गुरुजींना पुन्हा मोकळ्या हातानं कसं पाठवायचं? अण्णांनी पाकिटातला एक उचलला. तांबडा, तांबडा आणि तिसरा पट्टा. तिसरा तपकिरी असता, तर दोनशेवीस. तो काळा होता. म्हणजे नुसता बावीस. अडवणारंच कुणी उरलं नाही म्हटल्यावर करंट सुसाट गेला.

मी कबनूरहून आलो, तर दारातच जळका वास. व्हॉल्व्ह गेलेला, ट्रान्सफॉर्मर कोळसा. दोन्ही आता शोधून मिळत नाहीत. मी तो रेझिस्टन्स बघितला आणि गुरुजींच्या देखत म्हणालो, "अण्णा, तपकिरी कुठला आन् काळा कुठला, एवढंबी कळंना व्हय तुमास्नी? बालवाडीतलं पोरगं सांगंल की!"

गुरुजी हसले. मीही हसलो.

अण्णांनी स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवला. हात पुसले. चपला घातल्या. "येतो," म्हणाले. पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत.

अक्का परवा म्हणाल्या, "सा वर्सं झाली, त्यास्नी रंग कळत न्हवतं. डाक्टरनं सांगिटलं, पडदा गेलाय, विलाज न्हाय. मोटं आकडं तेवढं दिसायचं. 'सदाला सांगू नगंस,' म्हणायचं. 'त्याला कळलं तर मला कामाला हात लावू द्यायचा न्हाय.'"

सहा वर्षं माझ्या शेजारी बसून तो माणूस नुसत्या मीटरवर काम करत होता. आणि तो मीटर मी नेला. मंडळी, अण्णांनी एवढंच विचारलं असतं की, "सदा, मीटर कुठं हाय?" तर माझं तोंड जागीच बंद झालं असतं. का नाही विचारलं, अण्णा?

त्यांचं घर दुकानापासून तीन गल्ल्यांवर. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी सात महिने घालवले. वाटायचं, राग शांत झाला की येतील. मी गेलो तो थेट मातीला. माझ्यासारखा नालायक माणूस मीच.

गुरुजींचा रेडिओ अजून बाकावर उघडा पडलाय. तो आता दुरुस्त होणार नाही. मला येत नाही, आणि ज्याला येत होतं त्याला मी घालवलं.

शेवटचं सांगतो. व्हॉल्व्हचा रेडिओ बटण दाबल्या दाबल्या बोलत नाही. आत तार तापावी लागते. तेवढा वेळ अण्णा हात वर करायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "गप ऱ्हावा. तापू द्या." सगळं दुकान चिडीचूप व्हायचं. मग खरखर यायची, मग आवाज.

आज आपण उभं राहून तेवढाच वेळ गप्प राहूया. आवाज येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी राहूया.

अण्णा, मीटर माझ्याकडं होता.

मंडळी, उठा. गप ऱ्हावा.