दहा गुण कमी

रुदैना : ‘पहिल्या दोन ओळींत सांगून टाक, हे पत्र तू कशासाठी लिहितेयस. बाकीचं मागाहून.’ तुमचाच आवाज, हैफा मिस! पेपरभर कानात घुमत होता. आणि तरी इंग्रजीच्या लेखनात तीनशे चाळीस. हवे होते तीनशे पन्नास.

हैफा : आधी बस बरं. फेऱ्या मारून मारून माझ्या गालिच्याला भोक पाडशील.

रुदैना : बसवतच नाही. ऐकण्यात तीनशे नव्वद, वाचनात तीनशे सत्तर, बोलण्यात तीनशे ऐंशी. आठ वर्षं इथे कराकच्या रुग्णालयात नर्स म्हणून राबतेय, आणि एका पत्रापायी आयर्लंडची नोकरी जाणार.

हैफा : रोज पहाटे मेणबत्ती लावते ना, तेव्हा तुझं नाव घेते मी. चाळीस दिवसांत खंड नाही.

रुदैना : मग दहा गुण सांडले कुठे?

हैफा : मेणबत्ती माझ्याकडे होती, पोरी. पत्र तुझ्याकडे होतं.

रुदैना : हसा तुम्ही! मी फेरतपासणी मागणार. दहाच तर गुण आहेत, दुसरा परीक्षक देऊन टाकेल.

हैफा : आणि नाही दिले तर? उत्तर यायला महिना जाणार. तिकडच्या लोकांनी जागा कधीपर्यंत राखून ठेवलीय?

रुदैना : ऑगस्ट संपेपर्यंत.

हैफा : म्हणजे दोन्हींतलं एकच जमणार. फेरतपासणीची वाट बघायची, नाहीतर नुसत्या लेखनाला परत बसायचं. आणि परत बसायचा अर्ज आज चार वाजता बंद होतो. किती वाजले?

रुदैना : पावणेतीन. म्हणून तर धावत आले. टेकडी चढताना जीव गेला माझा.

हैफा : हा चहा घे, मरमियाची पानं टाकलीत. आणि ऐक. हा आकडा इतकंच सांगतो, की कमी पडलं. काय कमी पडलं, ते आकड्याला विचारून कळत नाही. पत्र आठवून लिहून आण म्हटलं होतं, आणलंस?

रुदैना : हे घ्या. शब्द न् शब्द आठवतोय. झोपेतसुद्धा लिहीन.

हैफा : चष्मा दे तो. हं... अडुसष्ट वर्षांची बाई, रुग्णालयातून घरी सोडतायत. घरी येऊन तिची काळजी घेणारी नर्स आहे, तिला पत्र. बरोबर?

रुदैना : बरोबर. कागदावर बाईंची सगळी माहिती दिली होती. त्यातून वेचून लिहायचं.

हैफा : हात छान आहे तुझा. ‘जखम कोरडी आहे, टाके दहाव्या दिवशी काढावेत. आहार हलका. जिना चढताना आधार द्यावा.’ सुरेख. आता मी ती नर्स आहे समज. मला सांग, बाईंचं ऑपरेशन कशाचं झालं?

रुदैना : लिहिलंय की. पोटाचं.

हैफा : पोटात काय होतं?

रुदैना : ते... खाली आहे बघा, चौथ्या परिच्छेदात.

हैफा : ‘एक गंभीर दुखणं.’ कुठलं?

रुदैना : मिस, ते दुखणं. कळतं ना वाचणाऱ्याला.

हैफा : मला नाही कळत. अल्सर? हर्निया?

रुदैना : तुम्ही मुद्दाम करताय.

हैफा : मुद्दामच करतेय. कागदावर काय दिलं होतं?

रुदैना : आतड्याचा... तेच.

हैफा : ठळक अक्षरांत दिलं असेल.

रुदैना : पहिल्याच ओळीत. आणि खाली आणखी एक ओळ होती, ‘रुग्णाला आजाराची पूर्ण कल्पना आहे.’ मला वाटलं, छापताना चूक झाली.

हैफा : छापताना!

रुदैना : खरंच! कुणाला असते कल्पना? आमच्या वॉर्डात हेड सिस्टर अशा फाइलवर दोन तिरक्या रेघा ओढतात, बस्स. नातेवाईक फाइल चाळतात ना. आठ वर्षांत तो शब्द मी हातानं लिहिलेला नाही, मिस. पेपरात लिहायला गेले, तर पेन आपोआप पुढे सरकलं.

हैफा : मग फेरतपासणी विसर. दुसरा परीक्षकही तोच शब्द शोधणार. ती आयर्लंडची नर्स दारात उभी राहून शोधेल, तसा. तुझं इंग्रजी कमी पडलेलं नाही. निरोप पोचला नाही. परत बस.

रुदैना : आणि परत तेच लिहून आले तर?

हैफा : का लिहिशील? आता माहीत झालं ना?

रुदैना : माहीत तेव्हाही होतं.

हैफा : रुदैना. बस इथे. घरी काय चाललंय?

रुदैना : काही नाही.

हैफा : तुझे बाबा, अबू हायेल, तीन रविवार बाजारात दिसले नाहीत. विचारलं, तर तुझा भाऊ हायेल म्हणाला, पोटात गॅस होतो.

रुदैना : बाबांनाही तेच सांगितलंय. गोळ्यांची डबी बदलली, मीच बदलली. हायेलनं सगळ्यांकडून शपथ घेतली. माझ्याकडून पहिली, मी नर्स ना!

हैफा : आणि ते विचारत नाहीत?

रुदैना : मलाच विचारलं. परीक्षेच्या आठ दिवस आधी. मी अंगणात पुस्तक घेऊन बसले होते. म्हणाले, ‘तीस वर्षं मी अम्मानची बस चालवली. गाडी कुठे खडखडतेय ते मला कळतं. तू मला खरं सांगशील. पण आत्ता नको, तुझं मन हलेल. परीक्षा झाली की सांग.’ मी म्हटलं, सांगीन. वचन दिलं, मिस.

हैफा : परीक्षा होऊन तीन आठवडे झाले.

रुदैना : मी म्हटलं, निकाल लागू दे.

(रुदैनाचा फोन वाजतो. ती स्पीकर सुरू करून तो चहाच्या तबकात ठेवते.)

हायेल : काय गं, झालीस का पास? इथे गिऱ्हाईक टायर घेऊन उभं आहे, पटकन सांग.

रुदैना : लेखनात राहिले. दहा गुणांनी.

हायेल : घ्या! लहानपणापासून पत्रं लिहितेस आणि पत्रातच नापास! बरं, रडू नकोस. परत बस.

रुदैना : मिसही तेच म्हणतायत.

हायेल : मिसना सलाम सांग. आणि एका परीनं बरंच झालं बघ. बाबा सकाळपासून मला विचारतायत, रुदैनाची परीक्षा एकदाची संपली का? मी आता सांगतो, अजून एक आहे. ते थांबतील. शहाणे आहेत.

रुदैना : काय म्हणालास?

हायेल : थांबतील म्हटलं. तुला दीड-दोन महिने मिळाले.

रुदैना : बाबा थांबतील रे. त्यांचा कॅन्सर थांबणार आहे का?

हायेल : हळू! स्पीकर आहे का? अगं, कुणी ऐकेल!

रुदैना : मिस ऐकतायत.

हायेल : वेडी झालीस का? शपथ घेतलीयस तू! बाबा बस चालवायचे, तेव्हा ब्रेक कुरकुरला की प्रवाशांना सांगायचे का?

रुदैना : बाबा प्रवासी नाहीत, हायेल. गाडी त्यांची आहे.

हायेल : ते खचले तर? तू जाशील आयर्लंडला, इथे मी एकटा. कोण बघणार त्यांच्या तोंडाकडे?

रुदैना : मी जायचं की नाही, हे तरी आपण त्यांना न विचारता कसं ठरवणार?

हायेल : मग मी असताना नको सांगूस. माझ्याच्यानं नाही बघवणार.

रुदैना : बरं. तू दुकान बंद करूनच ये. नेहमीसारखा.

हायेल : ...डबी तीच ठेव. तिच्यावर वार लिहिलेत मी. ठेवतो. गिऱ्हाईक ओरडतंय.

हैफा : चांगला आहे गं तो.

रुदैना : चांगलाच आहे. म्हणून तर इतके दिवस ऐकलं त्याचं.

हैफा : अर्जाचं काय करायचं? सव्वातीन झाले.

रुदैना : भरते. हा बघा, नाव, केंद्र, तारीख. नुसतं लेखन. बाबा जा म्हणाले, तर माझ्याकडे निकाल असायला हवा. नको म्हणाले, तर पेपर देऊन घरी येईन. पाठवला.

हैफा : इतक्यात पाठवलास? मघाशी तर फेरतपासणी, फेरतपासणी चाललं होतं!

रुदैना : दहा गुण परीक्षकानं ढापले, असं म्हणत बसणं सोपं होतं, मिस.

हैफा : दुसरा चहा ठेवते. शांत होऊन जा.

रुदैना : नको. साडेतीनला त्यांची झोप होते. मग सहापर्यंत घरात दुसरं कुणी नसतं.

हैफा : मी येऊ बरोबर? बाहेर अंगणात बसेन, आत येणार नाही.

रुदैना : नका येऊ. तुम्हाला पाहिलं की ते उठून नवा सदरा घालतील, कॉफी ठेव म्हणतील. आज त्यांना घरच्या कपड्यांतच बसू दे.