म्वानाइदीच्या नावानं

रडू नका हो — नाही, रडायचं तर रडा, पण इकडं या बाकावर बसून. तिथं हॉटेलच्या तलावाच्या काठाशी उभ्या राहिलात तर ते पोहणारे लोक टकामका बघत बसतात. बसा. ओळखलं नाही ना ह्यांनी? "चहा आण, साखर वेगळी" — असंच म्हणाले ना तुम्हाला? मी मागंच होते खांबाशी, ऐकलं मी. मनाला लावून घेऊ नका. मी तर लग्नाची बायको, आमचा संसार नातवंडांपर्यंत आला, तरी मलाही नाही ओळखत ते. हो, मीच ती. कंपालाची. नालोंगो म्हणा मला, सगळे तेच म्हणतात — जुळ्यांच्या आईला आमच्याकडं दुसरं नाव उरतच नाही. आणि तुम्ही म्वानाइदी. बागामोयोच्या शाळेतल्या बाई. कशावरून? अहो, परक्या माणसाच्या खांद्यावर असा हात कोण ठेवतं? आणि तो म्हातारा माकामे, सामान उचलणारा — त्याला मी इतकं खोदून विचारलं की शेवटी बोलला बिचारा. त्याला काही बोलू नका. माझं स्वाहिली मोडकंतोडकं आहे, तेवढं सांभाळून घ्या. आमच्याकडं ती शिपायांची भाषा, चांगल्या घरातल्या बायका बोलत नव्हत्या. आता बोलते. बोलावी लागते.

आम्ही कसे आलो म्हणता? पोरांनी पाठवलं. वास्वा, माझा थोरला, म्हणाला, आई, बाबांचं करून करून तू अर्धी झालीस, कुठं तरी परदेशात जा, समुद्र असेल असं चांगलं मोठं हॉटेल बघू, सगळं हातात आणून देतील, तू नुसती पडून राहा. आणि आपलं विचारायचं म्हणून ह्यांना विचारलं — बाबा, कुठं जायचं? अहो, जो माणूस पोटच्या मुलीला 'सिस्टर, इंजेक्शन झालं का' म्हणतो, त्यानं या हॉटेलचं नाव घेतलं. धाडकन. शाळेत पाढा म्हणावा तसं. आम्ही हसलो सगळे. मला वाटलं, टीव्हीवर बघितलं असेल. मी काय, नणंदेच्या लग्नाला एकदा नैरोबीला गेले तेवढाच माझा परदेश. हे मात्र कामासाठी दर वर्षी दार-एस-सलामला — पाण्याच्या पाइपांची बैठक, पंपांची बैठक. मी बॅग भरायचे. शर्टांच्या घड्या घालून.

दारात माकामे उभा. "या साहेब, पुन्हा आलात!" — आणि मग माझ्याकडं बघितलं, आणि मग माझ्या मागं बघितलं, गाडीतून अजून कुणी उतरायचंय का म्हणून. मग बॅग उचलली ती खाली मान घालूनच. खोलीत आलो. घरी ज्यांना न्हाणीघर सापडत नाही ते थेट गॅलरीच्या दाराशी गेले, दार जरासं वर उचललं, मग ढकललं — दमट हवेनं अडकतं ते, तुम्हाला ठाऊकच असेल — आणि वळून मला म्हणाले, "ये म्वानाइदी, भरती आली बघ." मला वाटलं, समुद्राला म्हणत असतील स्वाहिलीत! हसू नका. अशी बावळट मी. जेवायला बसल्यावर कळलं. माझ्यासाठी मासा मागवला, नारळाच्या रसातला, आणि वाढणाऱ्याला बजावलं, "हिला मिरची चालत नाही." मला! मिरचीशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तो फिका मासा मी बसून खाल्ला, आणि एकेका घासाला कळत गेलं.

चिडले नाही? अहो, पेटले होते मी. वास्वाला फोन लावला, म्हटलं उद्याचं विमान बघ, हा माणूस तुझा बाप — आणि तेवढ्यात हे आले वाळूतून, माझ्यासमोर खाली बसले, गुडघे दुखतात तरी बसले, आणि तांब्यानं माझे पाय धुवायला लागले. बोटाबोटांतली वाळू काढून. जन्मात माझ्या पायाला हात लावला नव्हता ह्यांनी. तिकडून वास्वा, "आई, काय झालं, आई?" मी म्हटलं, काही नाही रे, छान आहे इथं. ठेवला फोन. मग माझं बोलणं ऐकून ह्यांनी कपाळावर हात ठेवला — "तुझी भाषा अशी काय झाली? ताप आहे का?"

तुमच्याशी असंच वागायचे ना? मग मी तुमचं नाव घेतलं. त्यांनी हाक मारली की 'ओ' द्यायला लागले.

आणि एकदा, तिथंच, त्या बदामाच्या झाडाखाली, मी तुमच्या आवाजात विचारलं — तुमचा आवाज कसा ते मला कुठं ठाऊक, आपला एक मऊ आवाज काढला — "घरची कशी आहे हो तुमची?" विचारायला नको होतं. म्हणाले, "दगड आहे ती. काटो गेला तर डोळ्यांतून टिपूस नाही. दर शनिवारी त्याच्या खाटेवरची चादर बदलते आणि गप्प बसते. त्या घरात मला रडता येत नाही, म्वानाइदी." आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले. एवढा मोठा माणूस, हमसून हमसून. काटो म्हणजे आमच्या जुळ्यांतला धाकटा. नऊ वर्षांचा होता. तापानं गेला. मातीला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी हे टाय बांधून ऑफिसात. मी पोरांना सांगत आले, तुमच्या बापाला काळीज नाही. आणि मी? मी परसातल्या केळींत जाऊन रडायचे, तोंडात पदर कोंबून, ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी केळींत, आणि हा माणूस सरहद्द ओलांडून इथं, तुमच्यापाशी. घरात एक चादर तेवढी बदलत राहिली.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं होतं ना. सांगितलं! म्हटलं, अहो, मी नालोंगो, मी काटोची आई, माझ्यापाशी रडा. तर डोकं उचललं, तोंड पुसलं, ताठ बसले, कॉलर नीट केली आणि म्हणाले, "गाडी आली का?" घरी बोलायचे तसं. अगदी तसं. पुन्हा नाही मी तो शब्द काढला.

गेल्या आठवड्यातच परतायचं होतं. मी मुक्काम वाढवला. वास्वा खूश — आई एकदाची विसावली म्हणतो. आणि खरंच सांगू? कुणाला सांगू नका हं — मी केसांत मोगरा घालते. या वयात. हसते. माझं हसणं ऐकून ते म्हणतात, म्वानाइदी, पुन्हा हस. लाज वाटते — नाही, खोटं कशाला बोलू, नाही वाटत. घरी कोण जातंय? घरी मी दगड आहे.

तुम्ही येणार हे ठाऊक होतं मला. जुलै लागला ना, तुमचा दोघांचा महिना. माकामे म्हणाला, गेल्या वर्षी तुम्ही एकट्याच आलात आणि रोज फाटकाकडं तोंड करून बसायचात. चार शब्द सुनवायचे म्हणून मी तयारीत होते, चांगले धारदार शब्द. पण त्यांनी चहा मागितला आणि तुम्ही तो आणून दिलात — मुकाट, साखर वेगळी — तेव्हा तुम्हाला या बाकाकडं बोलावलं मी.

नाही, त्यांच्याशेजारी नका बसू. बसून काय होणार? ट्रे उचल म्हणतील. आणि एका नावाच्या दोघी बघून ते घाबरतील. मी त्यांना घाबरवू देणार नाही, सांगून ठेवते.

एकच मागते. इतकी वर्षं इथं बसून काटोचं काय काय बोलायचे ते? मला नाही माहीत. तुम्हाला माहीत असणार. त्याचा पुढचा दात पडला होता आणि त्या फटीतून तो शीळ घालायचा — ते आठवत होतं का त्यांना? का दुसरंच काही? मला न दिसलेलं? सांगा ना. रागवणार नाही मी, सांगा —

थांबा. नको.

'काटो' म्हणालात. किती सहज म्हणालात. घरातलंच मूल असल्यासारखं.

नको, पुढं काही सांगू नका. उठा. डोळे पुसा, आणि समोरच्या दारानं जा — मागून नको, मागून चोरासारखं दिसतं. त्यांच्याकडं वळून बघू नका.

जा म्हणते ना मी, बाई. जा.